टेक्सासमधील बॅप्टिस्ट राज्य कन्व्हेन्शन : वर्षभराचे काम, कारभार आणि अधिकाराची मर्यादा

प्रश्न असा आहे : डॅलसजवळ भारतीय कुटुंबांची एक छोटी मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, आहे. त्यातील बरेच जण नगर-नाशिककडचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये (सीएनआय) वाढलेले. मंडळीने राज्य पातळीवरील बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनशी, म्हणजे बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या राज्य संघाशी, संलग्न व्हावे असा विचार चालू आहे. ही संस्था वर्षभर काय करते, तिचा कारभार कोण चालवतो, आमच्यावर आणि आमच्या इमारतीवर तिचा अधिकार किती राहील, आणि पैसे किती द्यावे लागतील?

आधी थोडक्यात सांगतो. कन्व्हेन्शन आपल्या इमारतीची मालक होत नाही, आपला पाळक नेमत नाही की त्याची बदली करत नाही, आणि आपल्यावर ठरावीक वर्गणीही बसवत नाही. तिचा अधिकार तीनच गोष्टींवर चालतो : स्वतःच्या तिजोरीवर, स्वतःशी जोडलेल्या संस्थांच्या विश्वस्तांवर, आणि आपल्या यादीत कोणती मंडळी ठेवायची यावर. या तिन्हींचे निर्णय वार्षिक अधिवेशनात होतात असे घटनेत लिहिलेले असते आणि ते खरेही आहे. पण अधिवेशनापुढे काय यावे हे त्याआधीचे दहा-अकरा महिने समित्यांमध्ये ठरत असते. स्थानिक मंडळीचा खजिनदार म्हणून आणि पुढे राज्य कन्व्हेन्शनच्या समित्यांवर काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, नव्या मंडळीने अध्यक्ष कोण निवडून आला याकडे जितके लक्ष द्यावे त्याच्या दुप्पट लक्ष पदांसाठी नावे सुचवणाऱ्या नामनिर्देशन समितीकडे आणि अंदाजपत्रकाकडे द्यावे.

आपण सीएनआयमधून आलेले असल्यामुळे एक गैरसमज सहज होतो. १९७० मध्ये नागपुरात सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय स्थापन झाली. त्यात उत्तर भारतातील बॅप्टिस्ट मंडळ्यांची कौन्सिलही होती. परंतु एकत्रीकरणानंतर रचना पायरीपायरीची राहिली : मंडळी, डायोसिस (अनेक मंडळ्यांचा प्रांत), सिनड (सर्वांत वरची सभा), आणि डायोसिसवर बिशप. त्या सवयीने टेक्सासकडे पाहिले की जिल्हा पातळीवरील असोसिएशन, राज्य कन्व्हेन्शन आणि राष्ट्रीय सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या एकाच जिन्याच्या तीन पायऱ्या वाटतात. त्या तशा नाहीत. तिन्ही स्वतंत्र संस्था आहेत, प्रत्येकीची घटना वेगळी, नोंदणी वेगळी, अधिवेशन वेगळे. राज्य कन्व्हेन्शन असोसिएशनला आदेश देत नाही आणि राष्ट्रीय कन्व्हेन्शन राज्याला देत नाही. एखादी मंडळी तिन्हींशी जोडलेली असू शकते, दोहोंशी असू शकते, किंवा एकीशीच. टेक्सासमधील ह्यूस्टन परिसराची युनियन बॅप्टिस्ट असोसिएशन १८४० ची, म्हणजे टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक होते त्या काळातली; राज्य पातळीवरील पहिले कन्व्हेन्शन १८४८ मध्ये अँडरसन या गावी भरले; आणि आज जी बॅप्टिस्ट जनरल कन्व्हेन्शन ऑफ टेक्सास म्हणून ओळखली जाते ती १८८६ मध्ये निरनिराळ्या गटांच्या एकत्रीकरणातून झाली. असोसिएशन आधीची, राज्य संस्था नंतरची. त्यामुळे एकीच्या पोटातून दुसरी निघाली असे म्हणायला इतिहासात जागा नाही.

टेक्सासमध्ये आणखी एक अडचण अशी की येथे राज्य पातळीवरील संस्था एक नसून दोन आहेत. १८८६ ची जनरल कन्व्हेन्शन, जिचे कार्यालय डॅलसमध्ये आहे, आणि १९९८ मध्ये तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळ्यांनी काढलेली सदर्न बॅप्टिस्ट्स ऑफ टेक्सास कन्व्हेन्शन, जिचे कार्यालय ग्रेपव्हाइनमध्ये आहे. पहिली सदर्न बॅप्टिस्टांच्या १९६३ च्या विश्वासपत्रकाला (श्रद्धेच्या लेखी निवेदनाला) धरून आहे, दुसरी २००० च्या. दोहोंत शास्त्राच्या अर्थाविषयी, स्त्रियांच्या पाळकपदाविषयी आणि राष्ट्रीय संस्थेशी किती घट्ट राहावे याविषयी मतभेद आहेत. आपण ज्यांच्याशी बोलत आहात ते या दोहोंपैकी कोण, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्यावे. मला भेटलेल्या स्थलांतरित मंडळ्यांपैकी काहींना हा फरक संलग्न झाल्यावर कळला होता.

आता अधिकाराच्या प्रश्नाकडे येतो. मालमत्तेची काळजी आपण सर्वांत जास्त करत असणार, कारण नगरकडे चर्चची जागा कोणाच्या नावावर आहे यावरून चाललेले वाद आपण पाहिलेले आहेत. बॅप्टिस्ट मंडळीची इमारत सामान्यतः त्या मंडळीच्याच नावावर असते, आणि मेथडिस्ट किंवा एपिस्कोपल परंपरेत वरिष्ठ संस्थेच्या हितासाठी मालमत्ता धारण केल्याची जी अट असते ती येथे नसते. २०१९ ते २०२३ या काळात युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून टेक्सासमधल्या कितीतरी मंडळ्या बाहेर पडल्या, तेव्हा इमारत बरोबर नेण्यासाठी त्यांना ठरावीक रकमा भराव्या लागल्या. बॅप्टिस्ट मंडळी स्वतःच्याच ठरावाने कन्व्हेन्शन सोडू शकते. मात्र एक अपवाद ध्यानात ठेवावा. नव्या मंडळीला कन्व्हेन्शनने किंवा तिच्याशी संबंधित संस्थेने जमीन, इमारतीसाठी कर्ज किंवा अनुदान दिले असेल, तर त्या करारात परतीची अट असू शकते. ती अट कन्व्हेन्शनच्या घटनेत सापडत नाही, करारात असते. म्हणून करारच वकिलाकडून वाचून घ्यावा.

यादीवरचा अधिकार मात्र खरा आहे, आणि तो किती खोल जातो यावर टेक्सासमध्ये शंभर वर्षांपूर्वीच मोठी लढाई झाली. सॅम्युएल हेडन नावाचे एक वृत्तपत्र-संपादक कन्व्हेन्शनच्या नेत्यांवर पैशाच्या वापरावरून सतत टीका करत. १८९७ मध्ये सॅन अँटोनियो येथील अधिवेशनात त्यांना बसण्यास मनाई करण्यात आली. त्यांनी खटला भरला, आणि तो वर्षानुवर्षे न्यायालयांत फिरला. मुद्दा असा होता की कन्व्हेन्शन ही मंडळ्यांची बनलेली आहे की अधिवेशनाला आलेल्या व्यक्तींची? मंडळ्यांची असेल तर मंडळीने पाठवलेला माणूस नाकारणे म्हणजे त्या मंडळीवर सत्ता गाजवणे. व्यक्तींची असेल तर सभेला आपले सभासद ठरवण्याचा हक्क आहे. प्रत्यक्षात दुसरे मत टिकले, आणि हेडन यांच्या बाजूच्या मंडळ्यांनी १९०० मध्ये वेगळी संघटना काढली. आजही कन्व्हेन्शन एखाद्या मंडळीला शिक्षा करू शकत नाही, पण तिच्याशी सहकार्य थांबवू शकते. २०१६ मध्ये डॅलसच्या कन्व्हेन्शनच्या वेको येथील अधिवेशनात समलिंगी सभासदांना पूर्ण सहभाग देण्याच्या प्रश्नावर असा ठराव झाला आणि त्या भूमिकेच्या मंडळ्या सहकार्याबाहेर मानल्या गेल्या. त्या मंडळ्यांच्या इमारती, पाळक, उपासना आणि बँकखाती जशीच्या तशी राहिली. त्यांचे प्रतिनिधी पाठवणे आणि त्यांचा निधी कन्व्हेन्शनने स्वीकारणे एवढेच थांबले. निर्णय पटो वा न पटो, अधिकार नेमका कोठे संपतो ते यातून दिसते.

वर्षाचा क्रम समजून घ्यायचा तर तो अधिवेशन संपते तेथून मोजावा. अधिवेशन बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते, एखाद्या वर्षी उन्हाळ्यातही घेतले जाते. जानेवारीत नवे आर्थिक वर्ष सुरू होते आणि अधिवेशनाने मंजूर केलेले अंदाजपत्रक लागू होते. हिवाळा संपताना कार्यकारी मंडळाची पहिली मोठी बैठक होते. वसंतात लेखापरीक्षकांचा अहवाल आणि दुसरी बैठक. उन्हाळ्यात नामनिर्देशन समित्या नावे गोळा करतात. सप्टेंबरात कार्यकारी मंडळ पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची शिफारस निश्चित करते. त्याच सप्टेंबरात स्त्रियांच्या संघटनेकडून राज्यातील मिशन-कामासाठी मेरी हिल डेव्हिस यांच्या नावाचे वार्षिक दानार्पण गोळा होते. शरद ऋतूत प्रत्येक मंडळीकडून वार्षिक माहितीपत्रक मागवले जाते : सभासद किती, बाप्तिस्मे किती, संडे स्कूलची उपस्थिती किती, दान किती. हे पत्रक भरणे ऐच्छिक असते, आणि बऱ्याच छोट्या मंडळ्या ते भरत नाहीत. माझी सूचना आहे की आपण भरावे. लहान भाषिक मंडळ्यांसाठी निधी मागताना कन्व्हेन्शनचा कर्मचारी याच आकड्यांच्या आधारे बोलतो, आणि ज्या मंडळ्यांचे आकडेच नाहीत त्या अंदाजपत्रकाच्या चर्चेत असून नसल्यासारख्या होतात.

पैशाची व्यवस्था जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती अन्य चर्चपरंपरांपेक्षा वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक कॉलेज, अनाथाश्रम आणि मिशन बोर्ड आपापला माणूस मंडळ्यांत पाठवून दान मागत असे. वर्षातले बरेच रविवार अशा पाहुण्यांनी व्यापलेले असत, आणि ज्याचा वक्ता प्रभावी त्याची संस्था श्रीमंत असा प्रकार होता. १९१९ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी पाच वर्षांत साडेसात कोटी डॉलर जमवण्याची मोहीम काढली. आश्वासने नऊ कोटींवर गेली, हातात आले पाच कोटी ऐंशी लाखांच्या आसपास. मधल्या काळात कापसाचे भाव कोसळले होते आणि संस्थांनी आश्वासनांच्या भरवशावर आधीच कर्जे काढली होती. त्या कर्जातून बाहेर पडण्याच्या धडपडीत १९२५ मध्ये मेम्फिसच्या अधिवेशनात कोऑपरेटिव्ह प्रोग्राम नावाची एकत्रित योजना मंजूर झाली. मंडळीने आपल्या दानार्पणातील काही टक्के रक्कम राज्य कन्व्हेन्शनकडे पाठवायची, राज्याने आपला वाटा ठेवून उरलेली राष्ट्रीय संस्थेकडे पाठवायची, आणि तेथून ती मिशन बोर्ड व धर्मशिक्षण संस्थांत वाटली जायची. म्हणजे राष्ट्रीय कामाचा पैसा राज्याच्या दारातून जातो, आणि किती अडवायचा ते राज्याचे प्रतिनिधी ठरवतात. राज्य कन्व्हेन्शनचे बळ कशात आहे असे मला कोणी विचारले तर मी या एका तरतुदीकडे बोट दाखवीन.

टेक्सासमधील दोन संस्थांचा फरकही येथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. ग्रेपव्हाइनची संस्था आपल्याकडे आलेल्या दर १०० डॉलरपैकी ५५ राष्ट्रीय कामाकडे पाठवते आणि ४५ राज्यात ठेवते. डॅलसच्या संस्थेत बरीच वर्षे ७९ राज्यासाठी आणि २१ राज्याबाहेरच्या कामासाठी असे मूळ प्रमाण होते, आणि तो बाहेरचा वाटा कोणाला जावा हे मंडळीने स्वतः सांगायची मुभा होती. राष्ट्रीय संस्थेकडे पोहोचलेल्या रकमेचे प्रमाणही अनेक वर्षे ठरलेले होते : परदेशी मिशनसाठी ५०.४१ टक्के, उत्तर अमेरिकेतील मिशनसाठी २२.७९, सहा सेमिनरींसाठी (पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थांसाठी) २२.१६, आणि उरलेले प्रशासन व सार्वजनिक धोरणाच्या कामासाठी. आपण किती द्यावे? उत्तर : मंडळी ठरवील तेवढे. जुन्या पिढीत दानार्पणाच्या दहा टक्क्यांचा प्रघात होता. आज बहुतेक मंडळ्या त्याहून बऱ्याच खाली आहेत. नव्या मंडळीने दोन-तीन टक्क्यांनी सुरुवात केली तर कोणी नाक मुरडत नाही. पण शून्य देऊन प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क मागणे अवघड जाते, कारण बहुतेक ठिकाणी सहकार्याची एक खूण आर्थिक सहभाग हीच मानलेली असते.

कार्यकारी मंडळाकडे वळू. वर्षातले दोन-तीन दिवस सोडले तर कन्व्हेन्शनच्या नावाने निर्णय घेणारे हेच. डॅलसच्या कन्व्हेन्शनमध्ये हे मंडळ एके काळी दोनशेहून अधिक सदस्यांचे होते. २००५ च्या सुमाराच्या फेररचनेत ते ९० वर आणले गेले. दोनशे माणसांचे मंडळ कागदावर लोकशाहीचे दिसते, पण इतक्या मोठ्या बैठकीत कोणीच नेटाने प्रश्न विचारत नाही. कार्यकारी संचालकाला हे मंडळ नेमते, तो पगारी असतो आणि कर्मचारीवर्ग त्याच्या हाताखाली असतो. कन्व्हेन्शनचा अध्यक्ष मात्र बिनपगारी असतो, एका वर्षासाठी निवडला जातो, प्रघाताप्रमाणे एकदा पुन्हा निवडला जातो, आणि बहुधा एखाद्या मंडळीचा पाळक असतो. कर्मचाऱ्यांवर त्याची सत्ता नसते.

देखरेख सैल झाली की काय होते याचे उदाहरण याच राज्यात आहे. १९९९ ते २००५ या काळात मेक्सिकोच्या सीमेवरील रिओ ग्रँड खोऱ्यात नव्या मंडळ्या सुरू करण्यासाठी दिलेल्या निधीबद्दल २००६ मध्ये स्वतंत्र चौकशी झाली. २५८ नव्या मंडळ्यांच्या नावाने तेरा लाख डॉलरहून अधिक रक्कम गेली होती, आणि त्यांतील बहुसंख्य मंडळ्या चौकशीच्या वेळी अस्तित्वात नव्हत्या. काही तर फक्त कागदावरच होत्या. हा अहवाल कन्व्हेन्शनने स्वतः मागवला आणि जाहीर केला, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण कारण पाहण्यासारखे आहे. वर्षाला किती नव्या मंडळ्या सुरू झाल्या हा आकडा अधिवेशनात टाळ्या मिळवणारा होता, आणि त्या वर्षभराने जिवंत आहेत का हा प्रश्न कोणत्याच ठरलेल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर नव्हता. यानंतर निधी देण्याचे निकष कडक झाले. आपली मंडळी नव्या मंडळीचे अनुदान मागणार असेल तर प्रायोजक मंडळी कोणती, सभासदांची यादी, मासिक हिशेब अशी कागदपत्रे मागितली जातील. ती अविश्वासाची खूण मानू नये.

आता ज्या समितीला मी सर्वांत महत्त्वाची म्हणालो तिच्याविषयी. कन्व्हेन्शनशी जोडलेल्या विद्यापीठांवर, रुग्णालयांवर, वृद्धाश्रमांवर आणि बालगृहांवर कोण विश्वस्त असावेत हे अधिवेशन ठरवते, पण अधिवेशनापुढे नावे नामनिर्देशन समिती आणते, आणि ती समिती बनवणारी आणखी एक समिती असते. राष्ट्रीय पातळीवर ही साखळी अध्यक्षापासून सुरू होते. त्याने नेमलेली समिती दुसऱ्या समितीची नावे सुचवते, आणि ती दुसरी समिती विश्वस्तांची. १९७९ मध्ये ह्यूस्टनच्या राष्ट्रीय अधिवेशनात पुराणमतवादी गटाचे पाळक एड्रियन रॉजर्स अध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा त्यांच्या समर्थकांनी ही साखळी नीट अभ्यासलेली होती : सलग दहा-एक वर्षे अध्यक्ष आपल्या विचाराचा आला तर विश्वस्तांच्या मुदती संपत जाऊन सगळ्या सेमिनरी आणि बोर्डे आपल्या विचाराची होतील. तसेच घडले. त्यांच्या ईश्वरविज्ञानाशी कोणी सहमत असो वा नसो, घटना वाचून संस्था ताब्यात घेण्याचे इतके पद्धतशीर उदाहरण चर्चच्या इतिहासात मला तरी दुसरे माहीत नाही.

टेक्सासमध्ये याची प्रतिक्रिया उमटली. बेलर विद्यापीठाची सनद १८४५ ची, टेक्सास प्रजासत्ताकाने दिलेली. १९९० मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनी, पुढे आपलेही असेच होईल या भीतीने, सनद दुरुस्त करून आपला कारभार स्वतंत्र नियामक मंडळाकडे घेतला; वाटाघाटींनंतर त्या मंडळातील एक चतुर्थांश सदस्य निवडण्याचा हक्क कन्व्हेन्शनकडे राहिला. उत्तर कॅरोलायनातील वेक फॉरेस्ट आणि दक्षिण कॅरोलायनातील फर्मन या विद्यापीठांनीही त्या सुमारास आपापल्या राज्य कन्व्हेन्शनशी असलेली जुनी बांधणी सोडली. मिझुरीत तर पाच संस्था बाहेर पडल्या आणि कन्व्हेन्शनने वर्षानुवर्षे खटले लढवले. शंभर-दीडशे वर्षे दान देऊन उभ्या केलेल्या संस्थेचे नियंत्रण अखेर सनदेतील एका कलमावर अवलंबून होते, हे त्या मंडळ्यांना उशिरा कळले.

वार्षिक अधिवेशनाचे स्वरूप नगरच्या माणसाला अगदीच परके वाटू नये. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत जसे अहवाल आधी छापून वाटलेले असतात आणि सभासदांनी ते वाचले आहेत असे मानून मंजुरी घेतली जाते, तसेच येथेही चालते. अहवालांचे जाड पुस्तक हाती पडते आणि बहुतेक लोक ते उघडत नाहीत. फरक असा की येथे सभेचे नियम फार काटेकोर असतात. ते रॉबर्ट यांच्या नियमावलीप्रमाणे चालतात, आणि हेन्री मार्टिन रॉबर्ट हे लष्करी अभियंता स्वतः बॅप्टिस्ट होते. मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे एका चर्चमधील सभा चालवताना ती हाताबाहेर गेली, त्यानंतर ते या अभ्यासाकडे वळले आणि १८७६ मध्ये त्यांची नियमावली निघाली. मंडळीने पाठवलेल्या व्यक्तीस मेसेंजर म्हणतात आणि तिने कसे मत द्यावे हे मंडळी बांधून देऊ शकत नाही. चर्चा ऐकून ती स्वतःच्या विवेकाने मत देते. म्हणून मेसेंजर निवडताना मुलांच्या सुट्ट्यांमुळे कोणाला जमते एवढाच विचार करू नये. किती मेसेंजर पाठवता येतील याचा हिशेब प्रत्येक कन्व्हेन्शनचा निराळा असतो; राष्ट्रीय अधिवेशनाला प्रत्येक सहकारी मंडळीस दोन आणि दानाच्या प्रमाणात वाढवून जास्तीत जास्त बारा मिळतात.

सभागृहात होणाऱ्या ठरावांपैकी सामाजिक प्रश्नांवरील ठराव वर्तमानपत्रांत सर्वाधिक येतात आणि त्यांचे बंधन सर्वांत कमी असते. जुगार, मद्य, स्थलांतर अशा विषयांवरचा ठराव त्या दिवशी त्या सभागृहात बसलेल्यांचे मत सांगतो. आपल्या मंडळीला तो लागू होत नाही. घटनादुरुस्ती ही वेगळी गोष्ट आहे : ती दोन सलग वार्षिक अधिवेशनांत मोठ्या बहुमताने मंजूर व्हावी लागते. राष्ट्रीय पातळीवर २०२४ मध्ये पाळकपद पुरुषांपुरते मर्यादित करणारी दुरुस्ती एकसष्ट टक्के मते मिळूनही दोन-तृतीयांशाच्या अटीमुळे नामंजूर झाली, त्यावरून या अटीचा उपयोग लक्षात येईल. आपल्याला आक्षेप असलेला विषय पहिल्या वर्षी मंजूर झाला तर घाबरून बाहेर पडू नये; दुसऱ्या वर्षी मेसेंजर पाठवावेत.

बाकीचे काम वर्षभर चालू असते आणि त्याची जंत्री येथे देत नाही : विद्यापीठांतील विद्यार्थी-सेवा, पाळकांचे प्रशिक्षण, स्पॅनिश व अन्य भाषिक मंडळ्यांना मदत, नव्या मंडळ्या. आपत्ती-निवारणाचा मात्र उल्लेख करतो. १९६७ मध्ये ब्यूला चक्रीवादळ टेक्सासच्या दक्षिण टोकाला धडकले तेव्हा बॅप्टिस्ट पुरुषांच्या संघटनेने लोकांना गरम जेवण पुरवण्यापासून सुरुवात केली, आणि पिवळ्या शर्टांतील स्वयंसेवकांची ती यंत्रणा पुढे राज्याराज्यांत पसरली. ईश्वरविज्ञानावरून एकमेकांशी न बोलणाऱ्या मंडळ्यांचे सभासद पुरानंतर चिखल काढायला एका ट्रकमध्ये बसलेले मी पाहिले आहेत. आपल्यातील तरुणांना कन्व्हेन्शनची ओळख अहवालाच्या पुस्तकातून होणार नाही, या कामातून होईल.

स्वायत्ततेची एक काळी बाजू आहे, तीही उघड सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो येथील दोन दैनिकांनी सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांमधील लैंगिक अत्याचारांची मालिका प्रसिद्ध केली : वीस वर्षांत सुमारे ३८० पाळक, कर्मचारी व स्वयंसेवकांवर आरोप, सातशेहून अधिक पीडित. एका मंडळीतून काढलेला माणूस दुसरीकडे सहज नेमला जात होता, कारण त्याची माहिती पुढे देण्याचे बंधन कोणावर नव्हते, आणि प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे हे उत्तर तयार होते. २०२२ च्या चौकशी अहवालातून असेही बाहेर आले की राष्ट्रीय कार्यालयात आरोप झालेल्यांची यादी ठेवली जात होती, पण ती मंडळ्यांना कधी दिली गेली नाही. त्यानंतर राज्य कन्व्हेन्शनांनी प्रशिक्षण आणि मदत वाढवली आहे; तरीही आपला पाळक किंवा संडे स्कूलचा शिक्षक नेमताना पार्श्वभूमी तपासण्याची जबाबदारी आपलीच राहते. बिशपने पाठवला म्हणजे कोणीतरी पाहिले असेल, हा आधार येथे नाही. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आलेल्या प्रत्येक व्यक्तीवर तो कळवण्याचे बंधन आहे, आणि पाळकाला त्यातून सूट नाही.

शेवटी आपल्या मंडळीपुरते दोन प्रश्न, जे कन्व्हेन्शनचे लोक बहुधा स्वतःहून काढणार नाहीत. पहिला बाप्तिस्म्याचा. आपल्यापैकी अनेकांचा बाप्तिस्मा बालपणी झालेला असणार, आणि सीएनआयने दोन्ही पद्धती मान्य केलेल्या आहेत. १९६३ च्या विश्वासपत्रकात मात्र विश्वास ठेवलेल्या व्यक्तीने पाण्यात पूर्ण बुडून घेतलेला बाप्तिस्मा हाच बाप्तिस्मा मानला आहे, आणि मंडळीचे सभासदत्व व प्रभुभोजन यांसाठी तो पूर्वअट सांगितला आहे. सभासद कोणाला करायचे हे मंडळीच ठरवते. परंतु संलग्नतेच्या अर्जात आपले पोटनियम जोडावे लागतात आणि तेथे हा मुद्दा येतोच. ज्या वडीलधाऱ्यांचा बाप्तिस्मा नगरच्या चर्चमध्ये सत्तर वर्षांपूर्वी झाला त्यांना पुन्हा बाप्तिस्मा घ्या असे सांगायची आपली तयारी आहे का, हे अर्ज करण्याआधी घरातल्या घरात बोलून घ्यावे. मतदानाच्या दिवशी हा विषय प्रथमच निघाला तर मंडळी फुटू शकते.

दुसरा प्रश्न पाळकाच्या व्हिसाचा. भारतातून पाळक बोलावण्यासाठी जो धार्मिक सेवकांचा व्हिसा आहे, त्यासाठी ती व्यक्ती आधीची निदान दोन वर्षे त्याच संप्रदायाची सभासद असावी लागते. आपली मंडळी बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनशी संलग्न झाली आणि बोलावलेला पाळक सीएनआयचा असला, तर संप्रदाय एकच आहे हे दाखवणे कठीण जाईल. पुढच्या दोन-तीन वर्षांत पाळक आणण्याचा विचार असेल तर संलग्नतेच्या ठरावाआधी स्थलांतर-कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. पाळक येथेच असेल, तर संलग्नतेचा एक प्रत्यक्ष लाभ म्हणजे डॅलसमधील गाइडस्टोन या संस्थेची निवृत्तिवेतन व विमा योजना त्याला खुली होते. छोट्या मंडळीला ती सोय स्वतःच्या बळावर उभी करणे परवडत नाही.

अर्ज करण्यापूर्वी कन्व्हेन्शनकडून घटना व पोटनियम, मागील दोन वर्षांच्या अहवालांची पुस्तके, चालू अंदाजपत्रक आणि शेवटचा लेखापरीक्षण अहवाल मागून घ्यावा. हे सर्व दस्तऐवज मागितल्यावर मिळतात. अंदाजपत्रकात भाषिक मंडळ्यांसाठीची तरतूद तीन वर्षांत वाढली की घटली, आणि नामनिर्देशन समित्यांवर आपल्यासारख्या लहान मंडळ्यांतील किती जण आहेत, हे दोन आकडे काढून आपल्या सभासदांपुढे ठेवावेत, आणि मगच मतदान घ्यावे.